एका कोयत्याला एकच कार्ड

थांबा मित्रांनो. गोष्ट ऐकायला बसण्याआधी अंगठा ठेवा. डावा नको, उजवा. आणि आधी पुसून घ्या, चिवड्याचं तेल लागलेलं दिसतंय.

बरं, राहू द्या. माझी वायर तुटून बरेच दिवस झाले, काचेवर चरा पडला आहे, आणि तुम्ही तुम्हीच आहात की दुसरं कोणी, हे तपासायची ताकद आता माझ्यात नाही. तेव्हा विश्वास ठेवतो. पण नाइलाजाने ठेवतो, हे ध्यानात असू द्या.

मी एक जुना थम आहे. कागदोपत्री माझं नाव बरंच लांबलचक आहे, शहरात मला अंगठ्याचं मशीन म्हणतात, पण आमच्या सिरसाळ्यात सगळे थमच म्हणतात. रेशनच्या दुकानात, बँकेच्या खिडकीत तुम्ही माझी भावंडं पाहिली असतील. तळहातावर मावेल एवढी काळी डबी, वर काचेची लहानशी खिडकी आणि तिच्यात लाल उजेड. माणूस त्या उजेडावर अंगठा ठेवतो आणि श्वास रोखून उभा राहतो. श्वास रोखायची काही गरज नसते. तरी सगळे रोखतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं पंखा बनवला तर त्याला वारा घालायला शिकवतात, दिवा बनवला तर त्याला उजेड द्यायला शिकवतात. मला संशय घ्यायला शिकवलं. समोरचा माणूस खरं बोलतो असं धरून चालायचं नाही, त्याच्या अंगठ्याच्या रेषा बघायच्या, त्या जुळल्या तर हो म्हणायचं, नाहीतर नाही. तपासणीच्या टेबलावर एक बाई दिवसभर आमच्यावर अंगठा ठेवून बघायची. सकाळीही तीच आणि संध्याकाळीही तीच. मी दर वेळी तिच्याकडे पहिल्यांदाच बघतोय असं बघायचो. त्याबद्दल मला पसंतीचा शिक्का मिळाला. संशयी स्वभावाचं कौतुक झालेले जगात फार नसतील, मी त्यातला एक आहे.

मला विकत घेतलं अजिनाथने. सिरसाळ्याच्या बाजारपेठेत खताच्या दुकानाला लागून त्याचं सेवा केंद्र आहे. एक संगणक, एक छपाईचं यंत्र, दोन खुर्च्या, एक बाकडं आणि भिंतीवर वैजनाथाचं कॅलेंडर. अजिनाथ माणूस सरळ, पण घाईचा. डब्यातून बाहेर काढल्यावर त्याने आधी स्वतःचाच अंगठा पाच-सहा वेळा माझ्यावर ठेवून पाहिला. मी त्याच्यावर संशय घेत होतो, तो माझ्यावर घेत होता. असा आमचा संसार सुरू झाला.

सुरुवातीला मी पेन्शनचे आणि पिकविम्याचे अंगठे घेत होतो. मग एके दिवशी अजिनाथला वरून निरोप आला, की गरिबांसाठी सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड निघणार आहे आणि ते काढायचं काम त्याने करायचं. मोठं आजारपण आलं, ऑपरेशन करायची वेळ आली, तर योजनेतल्या दवाखान्यात पाच लाखांपर्यंत ते फुकट होणार. अजिनाथ खूश झाला. उद्यापासून दारात रांग लागेल म्हणून त्याने बाकडं पुसून ठेवलं.

कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानंतर मला गाडीच्या डिकीत घालून तो गावोगाव हिंडू लागला. तेव्हा मला कळलं, की संशयाच्या बाबतीत मी अजून बालवाडीत आहे. पारावर बसलेली म्हातारी माणसं माझ्याकडे बघून अंगठे मुठीत लपवायची. कोणी म्हणे, अंगठा दिला की जमीन जाते. कोणी म्हणे, ह्या डब्याच्या पोटात सगळ्या गावाचे अंगठे साठवून ठेवतात आणि मतदानाच्या दिवशी काढतात. मित्रांनो, माझ्या पोटात एकही अंगठा राहत नाही. आला तसा पुढे जातो. पण हे सांगायला मला तोंड नव्हतं.

सगळ्यांत कडक होत्या लिंबाच्या वस्तीवरच्या मंजुळाबाई. लिंबाची वस्ती सिरसाळ्याच्या पलीकडे, ओढा ओलांडला की. तिथली जवळजवळ सगळी घरं दसरा झाला की ऊस तोडायला परमुलखात जातात. मंजुळाबाईंनी उभा जन्म ऊस तोडला, आता वयोमानाने त्या घरी राहतात आणि त्यांचा मुलगा भागवत आणि सून सुरेखा टोळीबरोबर जातात. अजिनाथने मला त्यांच्या ओट्यावर ठेवलं, तर त्यांनी मला चिमटीत उचलून पुन्हा त्याच्या हातात दिलं.

"हे उचल अन् नीघ," त्या म्हणाल्या.

"मावशी, फुकट ऑपरेशन होतंय ह्या कार्डावर."

"त्याचंच तर भ्या हाय मला. फुकट म्हनलं की हे लोक कापायलाच बसतेत. मव्ह्या जावंचं काय केलं, ठावं हाय का तुला?"

अजिनाथला ठाऊक होतं. वस्तीवर सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यांची जाऊ वत्सलाबाई पोट दुखतं म्हणून कुठल्याशा खासगी दवाखान्यात गेली होती. तिथं तिला कॅन्सरची भीती घातली आणि गरज नसताना तिची गर्भपिशवी काढून टाकली. तेव्हा ती तिशीच्याही आत होती. त्यानंतर तिला उसाची मोळी कधी उचलता आली नाही आणि कंबर कायमची धरली. वत्सलाबाई एकटीच नव्हती. ऊस तोडणाऱ्या कितीतरी बायकांच्या वाट्याला हे आलं आहे.

"त्या डाक्टरनं बी असाच अंगठा घेतलता तिचा," मंजुळाबाई म्हणाल्या. "कशावर घेतला, कावून घेतला, कुनी सांगितलं न्हाई."

मी संशय घेणारं यंत्र आहे. कुणाचा संशय खरा आणि कुणाचा नुसता बाऊ, एवढं मला कळतं. मंजुळाबाईंचा संशय मला पटला.

ते वर्ष तसंच गेलं. कार्डं निघाली ती बोटांवर मोजण्याइतकी. मग शहादेव नावाच्या एका गाडीवानाच्या छातीत कळ आली. त्याने मागे कधीतरी, अजिनाथची कटकट नको म्हणून, कार्ड काढलेलं होतं. त्याचं ऑपरेशन झालं आणि तो आपल्या पायांनी चालत बाजारात आला. टपरीवर बसून त्याने शर्टाची बटणं सोडून सगळ्यांना छाती दाखवली. जे अजिनाथच्या भाषणाने झालं नाही ते शहादेवच्या छातीने झालं. दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. त्यातले काही जण विचारायचे, पाच लाख खात्यात कधी जमा होतात? अजिनाथ कपाळावर हात मारून घ्यायचा.

आणि मग आलं दसऱ्याच्या आधीचं शिबिर. ते माझ्या वैभवाचे दिवस.

टोळ्या निघायच्या आत सगळ्यांची कार्डं काढायची, असं अर्जुनरावांनी मनावर घेतलं. अर्जुनराव म्हणजे आमच्या भागातले पुढारी, मोठे शेतकरी, पांढरी टोपी आणि हातात दोन मोबाइल. लिंबाच्या वस्तीवर समाजमंदिरात मांडव पडला, फलक लागला, फलकावर कार्ड बारीक आणि अर्जुनराव मोठे. खंडेनवमीला वस्तीवर कोयते घासून मांडतात, त्यांची पूजा करतात. त्या ओळीत कुणीतरी मलाही ठेवलं. मला हार घातला, नारळ फोडला आणि माझ्या काचेवर चिमूटभर हळद-कुंकू वाहिलं. इतका मान मला कधी मिळाला नव्हता. त्यानंतरचा तासभर मी कुणालाच ओळखलं नाही, कारण काचेवर कुंकूच कुंकू. अजिनाथ शिव्या देत रुमालाने मला पुसत होता.

पुसल्यावर मात्र मी असा काही चाललो की सांगता सोय नाही. रांग मांडवाबाहेर गेली. अजिनाथ मान वर करत नव्हता. "झालं. फुडचा या. झालं. फुडचा या." त्याला वरून सांगितलेलं होतं, घरटी निदान एक कार्ड निघालंच पाहिजे. अर्जुनरावही तेच विचारत फिरत होते, कुठलं घर राहिलं? राहिलेल्या घरातला माणूस शोधून आणत होते.

त्या रांगेत भागवत आला. उंच, रापलेला, बोलायला तुटक. आईचा संशयी स्वभाव त्याच्यातही उतरलेला होता, पण शहादेवची छाती त्यानेही पाहिली होती. मी त्याचा उजवा अंगठा नाकारला, डावा घेतला. त्याने विचारलं, "कोयत्याचं झालं का?"

"झालं. फुडचा या," अजिनाथ म्हणाला.

इथं तुम्हाला एक सांगायला हवं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक तोडतो, एक मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, पण हिशेबात दोघं मिळून एक. मुकादम कधी म्हणत नाही, माझ्या टोळीत इतकी माणसं आहेत. तो म्हणतो, इतके कोयते आहेत. पिढ्यान्‌पिढ्या असंच मोजत आल्यामुळे वस्तीवर सगळ्यांनी धरून चाललं, की एका कोयत्याला एक कार्ड. नवऱ्याने काढलं की बायको त्यात आलीच. कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही, इतकं ते त्यांना उघड वाटलं.

पण आरोग्याचं कार्ड माणसागणिक असतं. ज्याचा अंगठा, त्याचं कार्ड.

संध्याकाळी मांडव उतरताना माझ्या मनात आलं, की आज दिवसभर माझ्यावर आले ते बहुतेक सगळे रुंद, जाड, पुरुषी अंगठे. बायकांचे कुठं गेले? आल्या होत्या त्या थोड्याच, आणि त्यातल्याही बहुतेक विधवा. ज्या बाईला नवरा नव्हता, तिनेच स्वतःचं कार्ड काढलं होतं. मला दाट संशय आला. पण मी फक्त हो किंवा नाही म्हणू शकतो. ज्यांनी अंगठा ठेवलाच नाही, त्यांच्याबद्दल काही म्हणायची सोय माझ्यात केलेली नाही.

आठवड्याभरात वस्तीच्या वेशीवर नवा फलक लागला. 'शंभर टक्के आरोग्य कार्ड असलेलं गाव.' टोळ्या गेल्या, वस्ती रिकामी झाली, मी पुन्हा पेन्शनचे अंगठे घेऊ लागलो.

संक्रांत झाली आणि एके दुपारी भागवत केंद्रात आला. टोळ्या इतक्या लवकर परतत नाहीत. त्याच्यामागे सुरेखा होती आणि तिच्या दंडाला धरून मंजुळाबाई. सुरेखाला मी पहिल्यांदाच पाहत होतो. रस्त्यावरून केंद्रात यायला दोनच पायऱ्या आहेत. त्या चढून ती बाकड्यावर बसली आणि कितीतरी वेळ तिला बोलता येईना. ओठ निळसर पडले होते. आत खुर्चीवर अर्जुनराव बसले होते, कुठलासा दाखला काढायला आले होते. त्यांना पाहून तिने पदर आणखी पुढे ओढला.

"अजिनाथ, तू दिल्यालं कार्ड खोटं हाय बे," भागवत म्हणाला.

"कावून? काय झालं?"

झालं होतं ते असं. उसाच्या फडात मोळी घेऊन गाडीला लावलेली फळी चढताना सुरेखाला दम लागायचा. आधी तिला वाटलं अशक्तपणा आहे. मग एक दिवस ती मोळीसकट फळीवरच खाली बसली. मुकादमाने गावी पाठवून दिलं. भागवत तिला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हिच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, ऑपरेशन करावं लागेल. लातूरला होईल, योजनेत फुकट होईल, येत्या सोमवारी घेऊन या. उशीर केला तर जिवाला धोका आहे. भागवतने खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि खिडकीवर दिलं.

"खिडकीवरच्या पोरीनं परत केलं," भागवत सांगत होता. "म्हनली, हे तुमचं हाय, पेशंटचं द्या. मी म्हनलं, बाई, पेशंट मव्ही बायकू हाय, आमी एक कोयता हाव. ती नुसती तोंडाकडं बघाय लागली."

अजिनाथही त्याच्या तोंडाकडे बघायला लागला. मग त्याचा आवाज खाली आला. "आरं भागवत, तिचं येगळं काढावं लागतंय."

"मग तवा कावून बोलला न्हाईस? मी इचारलं व्हतं तुला, कोयत्याचं झालं का."

खुर्चीवरून अर्जुनराव म्हणाले, "असं कसं ऱ्हायलं हिचं? तुमचं तर शंभर टक्के झालेलं हाय. म्या सोता सगळी घरं मोजली."

"घरं मोजली तुमी," मंजुळाबाई म्हणाल्या. "घरात माणसं बी ऱ्हातेत."

अर्जुनराव मोबाइलमध्ये बघू लागले. अजिनाथने संगणक चालू केला. सुरेखाचं नाव योजनेत होतंच. फक्त ही बाई तीच आहे, एवढं पटायचं होतं. म्हणजे सगळं माझ्यावर आलं.

सुरेखाने अंगठा ठेवला. मी पाहिलं. मित्रांनो, तिथं काही नव्हतं. कोयत्याची मूठ, उसाचं धारदार पाचट, मोळ्यांची बांधणी, वर्षानुवर्षं हेच. जुन्या पोळपाटासारखं गुळगुळीत झालेलं ते बोट. रेषाच नाहीत तर मी जुळवू काय? मी नाही म्हणालो. डावा अंगठा आला. नाही. मग तर्जनी, मग मधलं बोट. अजिनाथने तिला साबणाने हात धुवायला लावले, कोरडे करायला लावले, मग उलट थोडं तेल लावायला लावलं. दहाही बोटं झाली. मी दहाही वेळा नाही म्हणालो. खोटं हो म्हणणं मला जमत नाही, आणि ते जमत असतं तर तिच्या नावावर दुसरीच कुणी ऑपरेशन करून गेली असती. पण खरं सांगतो, त्या दिवशी हो म्हणावंसं मला फार वाटलं.

"मुकादमाचा नंबर दिल्याला हाय आधारला," भागवत म्हणाला. "त्याच्यावर काही येतंय का?"

अजिनाथने तेही केलं. ओळख पटवायचा आकडा त्या नंबरवर गेला, पण मुकादमाचा मोबाइल साखर कारखान्यावर कुठंतरी बंद होता.

मंजुळाबाईंचा संयम सुटला. "बघितलं का? दाल्ल्याचं कार्ड मिनिटात. अन् हिच्या येळंला डबडं माणूस वळखीना. आरं, वळखीत न्हाई ती वस्तू घिऊन बसला कशाला तू? सुरेखा, ऊठ. बरं झालं न्हाई निघालं. झडप म्हनतेत आज. उद्या आत घिऊन काय काढतील, सांगता येत न्हाई. वत्सलाची कंबर बघती ना रोज?"

सुरेखा उठली नाही. पदराच्या आतूनच ती म्हणाली, "आत्या, मला घागर उचलंना. मला उताणं झोपवंना, दम कोंडतो. मला मरायचं न्हाई, आत्या."

मंजुळाबाईंचा हात तिच्या दंडावर होता तो तसाच राहिला. भागवत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग अजिनाथ म्हणाला, "एक करून बघू. आता मोबाइलवर तोंड बघून बी होतंय. नवं आलंय."

हे ऐकून मला काय वाटलं असेल, विचारू नका. रेषा सोडून तोंड बघणाऱ्या यंत्रावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. तोंड काय, उपाशी राहिलं तरी बदलतं. पण माझ्याकडून झालं नव्हतं, तेव्हा गप्प बसणंच भाग होतं.

अजिनाथने मोबाइल सुरेखासमोर धरला. मोबाइल म्हणाला, ओळख पटत नाही. त्याने पुन्हा धरला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तो जरा चाचरत म्हणाला, "वहिनी, पदर मागं घ्यावा लागंल. कपाळ दिसंना. आधारवरचा फोटू उघड्या डोक्याचा हाय."

सुरेखाने पदर आणखी घट्ट धरला. समोर अर्जुनराव, थोरल्या दिरासारखे. शेजारी सासू. आमच्या भागात सून अशा माणसांपुढे डोक्यावरचा पदर काढत नाही. ऊस तोडतानाही तिने तो काढला नव्हता. सोमवार चार दिवसांवर आला होता, आणि तरी तिचा हात काही उठेना.

मंजुळाबाईंनी अर्जुनरावांकडे एकदा पाहिलं. अर्जुनराव खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून बसले. मंजुळाबाईंना तेवढं पुरलं नाही की पुरलं, मला माहीत नाही. त्या सुनेच्या पुढ्यात आल्या आणि आपल्या हाताने तिचा पदर खांद्यावर उतरवला. कपाळावर चिकटलेले केस मागे सारले. मग तिच्या हनुवटीला धरून तोंड मोबाइलकडे वळवलं.

"बघ म्हनावं त्याला नीट," त्या म्हणाल्या. "हीच हाय मव्ही सून."

"वहिनी, डोळे मिटा. आता उघडा," अजिनाथ म्हणाला.

सुरेखाने डोळे मिटले आणि उघडले. त्यात पाणी होतं. मोबाइलवर हिरवी खूण आली.

कार्ड छापून झालं तेव्हा मंजुळाबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. वाचता येत नव्हतं, तरी पाहिलं. "फोटू हिचाच हाय ना? नाव हिचंच हाय ना?" असं अजिनाथला, मग भागवतला आणि मग खिडकीतून टपरीवरच्या एका मास्तरांनाही विचारलं. तिघांनी हो म्हटल्यावर त्यांनी ते स्वतःच्या कनवटीला लावलं.

लातूरला त्याही गेल्या. तिथं काय झालं ते त्यांनी नंतर केंद्रात येऊन सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज इतका चढला होता की टपरीवरची माणसं आत डोकावत होती.

"म्या डाक्टरला म्हनलं, अंगठा मागनं. आधी कुठं कापनार ते दाखव. त्यानं कागदावर काळीज काढून दाखवलं. हे दार, हे नीट उघडंना गेलंय, हे आमी उघडनार. म्या म्हनलं, पिशवीला हात लावनार का? तो म्हनला, न्हाई आजी, पिशवीचा काही संबंध न्हाई. म्या म्हनलं, लिहून दे. तो हसाय लागला. म्या न्हाई हसले. मग दिलं लिहून."

सुरेखा बरी झाली. छातीवर उभा वण राहिला, पण श्वास मोकळा झाला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही ती फडावर गेली नाही. भागवतही गेला नाही. अर्धा कोयता मुकादम घेत नाही. त्याने परळीला वीजकेंद्राच्या राखेच्या ट्रकवर काम धरलं. घरात ओढाताण झाली, हे खोटं कशाला सांगू? पण सुरेखा घरात होती.

पुढल्या दसऱ्याच्या आधी लिंबाच्या वस्तीवरून बायका यायला लागल्या. नवऱ्यांबरोबर नाही, आपल्या आपण, घोळक्याने. सुरेखा पुढे असायची. साखराबाई, गीताबाई, सुंदरबाई, एकेकीला पुढे ढकलून ती म्हणायची, "पदर मागं घे, काही हुत न्हाई." अजिनाथ आता घाई करत नाही. झालं म्हणायच्या आधी कुणाचं झालं, ते नाव घेऊन सांगतो. वेशीवरचा फलक पावसाने फाटला, तो पुन्हा कुणी लावला नाही.

मंजुळाबाईंनी आपलं कार्ड सगळ्यांत शेवटी काढलं. काढायच्या आधी त्यांनी अजिनाथची उलटतपासणी घेतली. कार्ड कुठल्या दवाखान्यात चालतं? न सांगता कापलं तर तक्रार कुणाकडं करायची? दुसऱ्या डॉक्टरला विचारायचं झालं तर कार्ड अडवून ठेवतात का? अजिनाथला दोन प्रश्नांची उत्तरं आली नाहीत. त्याने फोन करून विचारली. तोवर त्या बाकड्यावरून हलल्या नाहीत.

माझं म्हणाल, तर माझे दिवस भरले. नव्या नियमाने माझ्या पिढीचे थम बाद ठरले. माझ्या जागी नवा आला. मी खणात पडलो, बंद पडलेला रिमोट, रबरबँड आणि सुकलेल्या शाईच्या डबीशेजारी. कधी एक उंदीर येऊन माझी वायर कुरतडतो. मला कुणी पुसत नाही. पुसावं असं मागणंही नाही. जो दुसऱ्यावर सतत संशय घेत आला, त्याने माया मागावी तरी कुठल्या तोंडाने?

पण एक सांगतो, कारण संशयातलं मला कळतं. जो संशय अंगठा मुठीत लपवतो आणि घरी बसतो, तो माणसाला मारतो. मंजुळाबाईंचा संशय आधी तसाच होता. नंतर त्यांनी तोच संशय कनवटीला कार्डासोबत बांधला, दवाखान्यात नेला आणि डॉक्टरांपुढे उभा केला. तेव्हा तो कामाला आला.

मित्रांनो, आज घरी गेलात की आईला एक विचारा. दवाखान्याचं कार्ड तुझ्या स्वतःच्या नावाचं आहे का? ती भाकरी थापता थापता, मान न वळवता म्हणेल, "हाय की, तुझ्या बापाचं हाय." तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. तिला म्हणा, तुझं दाखव. आणि तिला दाखवता आलं नाही, तर उद्या शाळेत जायच्या आधी तिचा हात धरून तिला केंद्रावर घेऊन जा.